मागच्या डिस्क ब्रेकचे पॅड बदलणे

मोटारीच्या मागच्या चाकांवरील डिस्क ब्रेकचे झिजलेले पॅड काढून नवे बसवण्याचे, घरच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये करता येणारे काम. पुढच्या चाकांचे पॅड ज्याने एकदा बदलले आहेत त्याला हे काम ओळखीचे वाटते आणि नेमकी तिथेच गफलत होते. मागच्या चाकात पायाच्या ब्रेकबरोबर हँडब्रेकचाही संसार असतो, आणि कामातली बहुतेक वेगळी खबरदारी त्याच्यामुळे घ्यावी लागते.

चाकाबरोबर फिरणारी बिडाची डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारी कॅलिपर, आणि कॅलिपरमधला पिस्टन ज्यांना डिस्कवर दाबतो ते दोन पॅड, अशी या ब्रेकची रचना असते. या ब्रेकचे पेटंट इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले. त्याचा बोलबाला मात्र १९५३ मध्ये झाला, फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या मोटार शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली तेव्हा. भारतातील बहुतेक छोट्या गाड्यांना आजही पुढे डिस्क आणि मागे ड्रम, म्हणजे आतून पट्टे दाबून थांबवला जाणारा गोल डबा, असतो. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे मागच्या चाकांच्या वाट्याला काम कमी येते. शिवाय ड्रममध्ये हँडब्रेक स्वस्तात बसतो. वजनदार गाड्यांत मागेही डिस्क असते. गाडी घसरू नये म्हणून बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मागचे ब्रेक मधूनमधून आपण होऊन लावतात. काही गाड्यांत मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपतात ते यामुळे.

नव्या पॅडवर घासला जाणारा थर साधारण १० मिमी असतो. तो ३ मिमीवर आला की पॅड बदलावा. अनेक पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला लागून चिरका आवाज करते. तो आवाज ऐकूनही गाडी चालवत राहिले तर पॅडची धातूची पाठ डिस्कवर खरखरते, डिस्कवर चर पडतात आणि खर्च दुप्पट होतो. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. डिस्क तेवढी पातळ झाली असेल तर तिच्यावर नवे पॅड चढवू नयेत.

सुरुवातीलाच अडचण येते ती हँडब्रेक सोडावा लागतो ही. तो ओढलेला असेल तर कॅलिपर निघत नाही. मग गाडीला धरणार कोण? पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये अडकवता येते; मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरचा भरवसा नाही, कारण तीच चाके उचललेली असतात. म्हणून सपाट जागा निवडावी आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करावेत, कारण उचललेले चाक नुसते फिरत राहते. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. नुसत्या त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या गाडीशी काम करणे म्हणजे जिवाशी खेळ. भार जॅक स्टँडवर, म्हणजे गाडीखाली लावायच्या लोखंडी तिवईवरच हवा.

गोटी पान्याने कॅलिपरचे बोल्ट काढून ती बाजूला घेतली की तिला ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. तारेने चाकाजवळच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधावी. जुने पॅड हातात आले की फेकण्याआधी शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त खाल्लेला दिसला तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकते त्या जाम झाल्याची ती खूण. कोकणातल्या खाऱ्या, ओल्या हवेत हे फार लवकर होते. पिना साफ करून, ब्रेकसाठीचे खास सिलिकॉन ग्रीस लावून, त्या बोटाने सहज सरकतात की नाही ते पाहावे. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पंपाने फुंकू नये. ती फुफ्फुसांत जाते. ब्रेक क्लीनर मारून पुसून घ्यावी.

आता पिस्टन. पुढच्या कॅलिपरमध्ये तो सी-क्लॅम्पने, म्हणजे स्क्रूच्या शिकंज्याने, सरळ आत दाबला जातो. मागे ज्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकचा स्क्रू बसवलेला असतो तिथे तो दाबत दाबत फिरवावा लागतो, बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. नुसता जोर लावला तर आतला स्क्रू खराब होतो आणि पूर्ण कॅलिपर बदलावी लागते. पिस्टनच्या तोंडावर खाच असते. तिच्यात पॅडच्या पाठीवरची छोटी खुंटी बसली पाहिजे. खाच चुकली तर पॅड तिरका बसतो, तिरकाच झिजतो आणि हँडब्रेक नीट जुळत नाही. हे दोन मिनिटांचे निरीक्षण इतके महत्त्वाचे आहे की टॉर्च धरून करावे. फिरवताना पिस्टनभोवतीचे रबरी आवरण (बूट) पिळवटत नाही ना, तेही पाहावे.

बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाड्यांत कॅलिपरवर छोटी मोटर असते. तिला आधी गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरने किंवा गाडीच्या पुस्तिकेतल्या पद्धतीने सर्व्हिस स्थितीत, म्हणजे दुरुस्तीसाठी मागे सरकलेल्या स्थितीत, न्यावे लागते, मगच पिस्टन सरळ मागे जातो. त्याआधी बोटे आत घालू नयेत. मोटर अचानक चालू होऊ शकते. काही गाड्यांत डिस्कच्या मधल्या पोकळ भागात हँडब्रेकचे वेगळे शू, म्हणजे ड्रमसारखे आतून दाबणारे पट्टे, असतात. तिथे पॅडचे काम पुढच्यासारखेच सोपे.

पिस्टन मागे गेला की ब्रेक ऑइल टाकीत चढते. टाकी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ते बाहेर सांडते आणि रंग खाते, म्हणून थोडे काढून घ्यावे. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे जे लिहिले असेल त्याच प्रकारचे ऑइल वापरावे. ते हवेतला ओलावा शोषते, तेव्हा उघडी पडलेली जुनी बाटली कामाची नाही. कॅलिपर काढलेली असताना पेडलवर पाय ठेवू नये. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी नमुन्याला राहते. पॅड मात्र दोन्ही चाकांचे बदलावेत.

बोल्ट आणि चाकाचे नट पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याची ताकद मोजणाऱ्या पान्याने, आवळावेत. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावे. पहिल्या दोन-तीन वेळा ते थेट खाली जाते, आणि अशा अवस्थेत गिअर टाकला तर गाडी थांबत नाही. मग रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक लावून पॅड डिस्कवर बसवून घ्यावेत. हँडब्रेक आठ-दहा वेळा ओढून सोडावा, मग हलक्या चढावर न्यूट्रलमध्ये ओढून, पाय पेडलजवळच ठेवून तपासावा. गाडी सरकली तर पिस्टनची खाच पुन्हा पाहावी, आणि ती बरोबर असेल तर केबल.