ब्रेश द रोलाँ

ब्रेश द रोलाँ हे पिरेनीज पर्वतरांगेतील फ्रान्स-स्पेन सीमेवरचे नैसर्गिक खिंडार आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची 2,807 मीटर. फ्रान्समधील गाव्हार्नीच्या प्रसिद्ध कड्यांच्या माथ्यावर चुनखडीची सरळसोट भिंत उभी आहे. तोफेने तटाला भगदाड पाडावे तशी ती एके ठिकाणी तुटली आहे. हे भगदाड सुमारे 40 मीटर रुंद असून दोन्ही बाजूंचे कडे सुमारे 100 मीटर उंच आहेत.

दंतकथेनुसार ही तुटफूट फ्रँकांचा राजा शार्लमेन याचा सरदार रोलाँ याने केली. 778 साली रॉन्सेव्हॉच्या लढाईत हरल्यावर आपली तलवार द्युरांदाल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्याने ती खडकावर आपटली. तलवार शाबूत राहिली, खडक मात्र चिरला. अडचण एवढीच की रॉन्सेव्हॉ हे या खिंडारापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला आहे. पण कथेने त्याची कधी पर्वा केलेली दिसत नाही. स्पेनच्या बाजूलाही, उएस्का शहराजवळच्या दोन सुळक्यांना ‘रोलाँची उडी’ असे नाव पडले आहे.

पिरेनीज ही दोन राज्यांमधील हद्द, असे 1659 च्या तहाने ठरले. पण या भागातील नेमकी रेषा 1862 च्या बायोनच्या तहाने आखली गेली. डोंगरातल्या गुराख्यांचे व्यवहार त्याहून कितीतरी जुने. फ्रान्समधील बारेज आणि स्पेनमधील ब्रोतो या खोऱ्यांनी चराईचे करार मध्ययुगातच केले होते. राजे एकमेकांशी लढत असतानाही असे करार पाळले जात. ब्रोतोची गुरे आजही उन्हाळ्यात फ्रान्सच्या हद्दीतील ओसू खोऱ्यात चरायला येतात.

पाण्यालाही ही रेषा पुरती मान्य नाही. पावसाचे पाणी उत्तरेला अटलांटिककडे आणि दक्षिणेला एब्रो नदीमार्गे भूमध्य समुद्राकडे जाते, हे ढोबळमानाने खरे. परंतु चुनखडीच्या पोटातील भुयारी वाटांमुळे स्पेनमधील मार्बोरे तलावाचे पाणी फ्रान्समध्ये गाव्हार्नीच्या सुमारे 420 मीटर उंच धबधब्यातून बाहेर पडते. याच खडकात, खिंडाराच्या स्पेनकडील अंगाला, गुहासंशोधक नॉर्बेर कास्तरे यांना 1926 मध्ये बर्फाची गुहा सापडली.

फ्रान्सकडून चढणारे गिर्यारोहक 2,587 मीटरवरील सारादे निवाऱ्यात थांबतात. तेथून वरची चढण घसाऱ्याची असून हंगामाच्या सुरुवातीला ती बर्फाखाली असते. निवाऱ्याच्या वरच्या अंगाची छोटी हिमनदी मात्र आता जवळजवळ नामशेष झाली आहे.