घोळणा फुटण्याआधी

दारात शेपटी हलवत येणारा कुत्रा एखाद्या सकाळी कोपऱ्यातून उठतच नाही. भाकरी हुंगतो आणि तोंड फिरवतो. अंग तापलेलं असतं. ‘ऊन बाधलं असेल’ म्हणून घरचे थांबतात. काही दिवसांनी तो आपणहून उठतो, खायला लागतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. गोचीड तापात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याच दिवसाची.

गोचीड ताप, म्हणजे दवाखान्यातल्या भाषेत टिक फीवर, हा एकच आजार नाही. त्यातला आपल्याकडचा एक मोठा गुन्हेगार म्हणजे एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू. १९३५ साली अल्जीरियातल्या कुत्र्यांत तो पहिल्यांदा ओळखला गेला. तपकिरी गोचिडाच्या लाळेतून तो रक्तात उतरतो आणि मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीत घर करतो. या पेशींचं काम जंतू गिळून मारण्याचं. म्हणजे चोरानं पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावं, तसं हे.

चावल्यानंतर साधारण ८ ते २० दिवसांत ताप येतो आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घसरू लागतात. निरोगी कुत्र्याच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे साधारण २ ते ५ लाख प्लेटलेट असतात. या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच त्या नष्ट करू लागते, काही प्लीहेत (पाणथरीत) अडकून पडतात. मग पोटाच्या उघड्या कातडीवर आणि हिरड्यांवर लाल ठिपके दिसू लागतात, एखाद्याचा घोळणा फुटतो.

पण अनेक कुत्र्यांचा ताप औषधाविनाच उतरतो. काहींचं शरीर जंतूला हाकलूनही लावतं. बाकीच्यांत तो प्लीहेत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं दडून राहतो आणि वरून कुत्रा धडधाकट दिसतो. त्यातल्या काहींची पुढे अस्थिमज्जाच, म्हणजे हाडांतली रक्त तयार करणारी मज्जाच, थकते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही कमी होतात. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे शेकडो कुत्रे या आजारानं दगावले. त्यांत जर्मन शेफर्ड बहुसंख्य होते, आणि या जातीला हा आजार विशेष जड जातो. मज्जा एकदा आटली की जंतू मारूनही कुत्रा वाचेलच असं नाही.

म्हणून पहिल्या तापालाच रक्त तपासायचं. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेट कमी दिसल्या, तरी यंत्रावर विसंबून चालत नाही. नळीत प्लेटलेटचे पुंजके झाले तर यंत्र ते नीट मोजत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. काचपट्टीवर रक्त पसरून डोळ्यांनी पाहणारा डॉक्टर मला म्हणूनच मोलाचा वाटतो. त्या पट्टीवर पेशीच्या आतली जंतूंची वसाहत दिसली तर प्रश्नच मिटला, पण ती क्वचितच दिसते. झटपट किटचीही गंमत समजून घ्यावी. ती जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) शोधते. ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवसांत किट निगेटिव्ह येऊ शकतं. आणि आजार बरा झाल्यावरही प्रतिपिंडं कित्येक महिने टिकतात, म्हणून पॉझिटिव्ह म्हणजे आजच आजारी, असंही नाही. पीसीआर जंतूचा डीएनए शोधते, पण जंतू प्लीहेत दडलेला असताना तीही कधी हुकते. लक्षणं, आकडे आणि पट्टी एकत्र ठेवूनच निदान होतं.

उपचार मात्र सोपा आहे. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, तेही पूर्ण २८ दिवस. एक-दोन दिवसांतच कुत्रा ताटलीकडे धावतो, आणि नेमक्या तिथंच गोळ्या सुटतात. कृपा करून सोडू नका.

कमी प्लेटलेटसोबत हिरड्या पांढुरक्या आणि लघवी गडद असेल तर बबेसियाचा संशय घ्यावा. गोचीड तापातला हा दुसरा गुन्हेगार, एक परजीवी, तांबड्या पेशी फोडतो. त्याची गिब्सोनी ही जात १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत सापडली, म्हणजे ओळख आपल्याच देशातली. नुसत्या डॉक्सिसायक्लिननं ती जात नाही, तिला अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन ही जोडी लागते. रक्त फारच उतरलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागतं.

तापावर घरातली माणसांची गोळी मात्र देऊ नका. आयबुप्रोफेननं रक्तस्राव वाढतो. घरात मांजर असेल तर पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करणारी यंत्रणा तिच्या यकृतात फार तोकडी असते.

आणि गोचीड? ते चिकटल्यापासून काही तासांतच एर्लिकिया कुत्र्यात उतरू शकतो, त्यामुळे रविवारच्या आंघोळीला वेचून भागत नाही. गोचिडावरचं औषध डॉक्टरांना विचारून वर्षभर द्यावं. मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून फटीही साफ कराव्यात. त्या अंड्यांतून निघणारी पिल्लं मात्र एर्लिकियामुक्त असतात. त्यांना तो मिळतो आजारी कुत्र्याच्या रक्तातून, आणि रक्तात जंतू भरपूर असतात ते आजाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत. घरचे ‘बघू दोन दिवस’ म्हणतात, नेमके ते दिवस.