मीडियम फॉरमॅट की फुल-फ्रेम: अंतर कसं घटत गेलं

फिल्मच्या काळात निवड सोपी होती. मीडियम फॉरमॅट म्हणजे १२० हा रुंद फिल्म रोल. त्यावरची ६×६ सेंमी म्हणवली जाणारी फ्रेम प्रत्यक्षात ५६×५६ मिमी, म्हणजे ३५ मिमीच्या २४×३६ फ्रेमच्या साडेतीन पटींहून मोठी. या २४×३६ मिमी आकारालाच डिजिटलमध्ये फुल-फ्रेम म्हणतात. फिल्म तीच, ग्रेनही (फिल्मचे दाणे) तोच. पण मोठ्या प्रिंटसाठी निगेटिव्ह कमी वाढवावी लागे. म्हणून जाहिरात-फॅशन मीडियम फॉरमॅटवर, बातम्या आणि खेळ ३५ मिमीवर.

डिजिटलने हे गणित बिघडवलं. मोठे सेन्सर एका वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) कमी बसतात आणि एका दोषापायी वाया जाणारा तुकडाही मोठा असतो. किंमत त्यामुळेच चढते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची लीफ कंपनीची ४ मेगापिक्सेलची बॅक (कॅमेऱ्याच्या मागे बसणारा डिजिटल भाग) तर रंगीत फोटोसाठी फिल्टर बदलून तीन एक्स्पोजर घ्यायची, त्यामुळे मॉडेल हललं की संपलं. पुढच्या सीसीडी (जुन्या पद्धतीच्या सेन्सरच्या) बॅक आयएसओ, म्हणजे प्रकाशसंवेदनशीलता, ५०-१००ला सुरेख, ८००ला मात्र नॉइजने (नको असलेल्या ठिपक्यांनी) भरलेल्या. तोवर फुल-फ्रेम पुढे सरकत होतं: २००२मध्ये कॅनन १डीएस ११ मेगापिक्सेलचा, २०१२मध्ये निकॉन डी८०० थेट ३६चा.

२०१४मध्ये फेज वन, हॅसलब्लाड आणि पेंटॅक्सने ५० मेगापिक्सेलचा सीमॉस (सीसीडीपेक्षा नव्या पद्धतीचा) सेन्सर आणला. आयएसओची अडचण सुटली, पण आकार ४४×३३ मिमीवर आला: फुल-फ्रेमच्या जेमतेम १.७ पट. हा आकडा जाहिरातीत सहसा सापडत नाही. नॉइजमध्ये फायदा सुमारे पाऊण स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), म्हणजे जास्त उघडणारी एफ/१.४ची फुल-फ्रेम लेन्स तो सहज भरून काढते. २०१९चे फुजी जीएफएक्स१०० आणि सोनी ए७आर-४ पाहा: दोघांचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचाच. फरक संख्येचा, १०२ विरुद्ध ६१. रुंदीत जेमतेम २३ टक्के.

मग मीडियम फॉरमॅट का घ्यायचा? उभ्या पानाला जुळणारी ४:३ चौकट, क्रॉपला वाव, आणि हॅसलब्लाडमध्ये लीफ शटर, म्हणजे लेन्समध्येच बसलेलं, वेगातही फ्लॅशशी जुळणारं शटर. भर उन्हात आयएसओ १००ला १/१२५ सेकंदाच्या सिंकवर (फ्लॅशशी जुळणाऱ्या सर्वात वेगवान शटरवर) लेन्स एफ/१६पर्यंत बंद करावी लागते. १/२००० सिंक मिळाला की एफ/४ चालतं. मात्र स्ट्रोबचा (स्टुडिओ फ्लॅशचा) झोत त्याहून लांबला तर शटर त्याची शेपटी कापतं आणि प्रकाश कमी पडतो. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) किंवा हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरवरही फ्लॅश चालवणारी सोय) लावून फुल-फ्रेमवरही एफ/४ जमतं, फक्त फ्लॅशची ताकद जास्त लागते.

खेळ किंवा लग्नांसाठी मीडियम फॉरमॅट घेऊ नये. १०२ मेगापिक्सेलची १६ बिट अनकॉम्प्रेस्ड रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल २०० एमबीच्या घरात जाते, आणि सेन्सर इतका सावकाश वाचला जातो की इलेक्ट्रॉनिक शटरवर फिरती बॅट वाकडी दिसते.