कायाहोगा नदीच्या आगीचा तो फोटो

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात १९६९ साली कायाहोगा नदी पेटली, ज्वाळांचे फोटो पाहून देश हादरला आणि मग सरकारने कायदा करून नदी स्वच्छ केली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. यात आग तेवढी खरी.

२२ जून १९६९ची ती आग साधारण अर्ध्या तासात विझली. नुकसान अंदाजे ५० हजार डॉलर. ज्वाळांचा एकही फोटो कुणाकडे नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये छापलेला फोटो १९५२च्या, कितीतरी मोठ्या आगीचा होता! पाण्यावर साचलेल्या तेलामुळे ही नदी १८६८पासून अधूनमधून पेटतच होती. तेलाचा तवंग म्हणजे धंदा तेजीत, असंच गावाला वाटायचं.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची. आगीच्या आधीच, १९६८ साली, क्लीव्हलँडच्या मतदारांनी नदी सुधारण्यासाठी १० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना कौल दिला होता. म्हणजे खिशात हात आधी नागरिकांनी घातला. १९७२च्या केंद्रीय कायद्याने कारखान्यांच्या सांडपाण्याला लगाम घातला, हे मान्यच. पण नळीतून येणारी घाण थांबली, तरी तळाचा विषारी गाळ आणि पावसाबरोबर वाहून येणारा मैला उरतोच. म्हणून १९८८पासून उद्योग, पालिका आणि रहिवासी एका समितीत बसून सुधारणेचा आराखडा राबवू लागले. कारखानदार पुण्य कमवायला आले नव्हते. कायद्याचा बडगा मागे होताच.

नदीतले मासे मर्यादेत खायला हरकत नाही, असं राज्याने जाहीर केलं ते २०१९ साली.