खड्डा कुठे आहे ते बघा, किती खोल ते नंतर: एसडब्ल्यूआर आणि रेझोनन्स

‘चाळीस मीटरवर वन इज टू वन आलाय ओएम, अँटेना एकदम ट्यून!’ चाळीस मीटर म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा बँड, वन इज टू वन म्हणजे एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) अगदी १, आणि ओएम म्हणजे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, एकमेकांना म्हणतात तो ‘ओल्ड मॅन’. हे वाक्य मुंबईच्या कुठल्या ना कुठल्या गच्चीवरून दर आठवड्याला हवेत सुटतं. मग तोच माणूस संध्याकाळी चाळीसवर सीक्यू (‘कोणी आहे का?’ अशी हाक) देऊन घसा कोरडा करतो, दिल्लीही उत्तर देत नाही, आणि दोष प्रोपगेशनला, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या वातावरणाला, मिळतो.

गोंधळ दोन गोष्टींचा आहे. एसडब्ल्यूआर कमी असणं ही एक, अँटेना रेझोनन्सला असणं ही दुसरी. पहिलीबद्दल फार बोलत नाही, परवान्याच्या परीक्षेसाठी तुम्ही ती घोकलेली आहे. फीडपॉइंटचा (केबल अँटेनाला जोडते त्या जागेचा) इंपीडन्स, म्हणजे रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स मिळून होणारा विरोध, ५० ओहमपासून किती लांब आहे, एवढंच एसडब्ल्यूआर सांगतो. ते ५० ओहम केबलचे आणि रेडिओचे आहेत. अँटेनाला त्यांचं काही देणंघेणं नाही.

रेझोनन्स म्हणजे ज्या फ्रीक्वेन्सीला रिअॅक्टन्स (कॉइल-कपॅसिटरसारखा विरोध) शून्य होतो आणि निव्वळ रेझिस्टन्स उरतो. तो रेझिस्टन्स ५० असेल, ३६ असेल, १२ असेल. अँटेना रेझोनन्सलाच आहे. आदर्श जमिनीवरचा पूर्ण लांबीचा पाव-तरंग व्हर्टिकल (तरंगलांबीच्या पाव उंचीची उभी अँटेना) ३६ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे त्याचा एसडब्ल्यूआर साधारण १.४. अँटेनात खोट काहीच नाही आणि मीटर मात्र १.४ दाखवतोय! असा व्हर्टिकल १.० दाखवू लागला, तर अभिनंदन करण्याआधी वरचे १४ ओहम कुठून आले ते विचारा. बहुतेक वेळा ते जमिनीतल्या लॉसचे असतात.

खरी ठेच इथेच लागते, म्हणून आकडे मांडतो. ट्रॅपवाला (ट्रॅप म्हणजे ठरावीक बँडला वरची नळी तोडणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी) मल्टिबँड व्हर्टिकल चाळीस मीटरवर पूर्ण लांबीचा नसतो, त्यामुळे त्याचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे पॉवर हवेत नेणारा भाग, बराच कमी. समजा १५ ओहम. गच्चीवर चायना मोझॅक, कठड्याला क्लॅम्प मारलेला, दोन रेडियल (बुंध्यापासून पसरायच्या, जमिनीचं काम करणाऱ्या वायरी) कशाबशा पसरलेल्या. ट्रॅप, स्लॅब आणि अपुऱ्या रेडियल मिळून लॉस ३५ ओहम. बेरीज ५०. मीटरवर सुंदर वन इज टू वन. शंभर वॉटपैकी तीस हवेत जातात आणि सत्तर ट्रॅप नि स्लॅब तापवतात.

आता कोणीतरी सांगतं म्हणून हा माणूस आणखी रेडियल टाकतो. लॉस १० ओहमवर येतो. बेरीज २५, एसडब्ल्यूआर २. त्याच शंभरातले साठ वॉट आता हवेत जातायत, सिग्नल ३ डेसिबलने वाढलाय. आणि हा काय करतो? ‘रेडियल टाकल्यावर अँटेना बिघडली’ म्हणत वायर गुंडाळून पुन्हा माळ्यावर टाकतो. माझं डोकं फिरतं ते इथे.

फ्रीक्वेन्सीप्रमाणे एसडब्ल्यूआरचा ग्राफ काढला की कुठेतरी खड्डा पडतो. त्या खड्ड्याची जागा सांगते अँटेना कुठे ट्यून आहे. खड्ड्याची खोली सांगते फीडपॉइंट ५० ओहमच्या किती जवळ आहे. मुंबईकराने तरी खड्डा पाहिल्यावर आधी जागा आणि मग खोली बघायला हवी. जागा चुकली असेल तर अँटेनाच्या नळीची लांबी सरकवा. जागा बरोबर पण खोली कमी असेल, तर नुसती नळी सरकवून भागत नाही, मुख्य काम बुंध्याशी, म्हणजे फीडपॉइंटला, करायचं. वरच्याच उदाहरणात अँटेना किंचित आखूड करून २५ ओहम कपॅसिटिव्ह (कपॅसिटरसारखा) रिअॅक्टन्स ठेवायचा आणि फीडपॉइंटला समांतर सुमारे १.१ मायक्रोहेन्रीची कॉइल लावायची, ७.१ मेगाहर्ट्झला ५० ओहम मिळतात. फ्रीक्वेन्सी वाढेल तसा त्या कॉइलचा रिअॅक्टन्स वाढतो, त्यामुळे वरच्या, म्हणजे जास्त फ्रीक्वेन्सीच्या (वीस, दहा मीटर), बँडवर तिचा उपद्रव कमी होत जातो. शिवाय अँटेनावर साठणारा स्टॅटिकही जमिनीत जातो, पावसाळ्यात हे उपयोगी.

शॅकमधला (रेडिओच्या खोलीतला) ट्यूनर यातलं काहीच करत नाही. तो रेडिओची समजूत काढतो, अँटेना आणि केबल होत्या तशाच राहतात.

दुसरा घोळ केबल घालते. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) शॅकमध्ये लावून ‘एक्स (रिअॅक्टन्स) शून्य आला’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो एक्स केबलच्या खालच्या टोकाचा आहे. केबलच्या लांबीप्रमाणे आर (रेझिस्टन्स) आणि एक्स फिरत राहतात. एसडब्ल्यूआर मात्र, लॉस सोडला तर, तोच राहतो. अँटेनाचा रेझोनन्स बघायचा असेल तर यंत्र घेऊन गच्चीवर जा, किंवा ओपन, शॉर्ट, लोड (टोक उघडं, जोडलेलं, ५० ओहम लावलेलं) हे यंत्राचं कॅलिब्रेशन केबलच्या वरच्या टोकाला करा. मला पहिला उपाय आवडतो. फीडपॉइंटचे गंजलेले नट त्या निमित्ताने दिसतात. केबल दोन फूट कापली की एसडब्ल्यूआर उतरतो, हा ‘अनुभव’ सांगणाऱ्यांची केबलची जाळी बाहेरून रेडियलचं काम करतेय. त्यांना कात्रीची गरज नाही, जाळीवरचा हा प्रवाह अडवणाऱ्या चोकची आहे: मिक्स ३१ या प्रकारच्या मोठ्या फेराइट रिंगवर केबलचे दहा-बारा वेढे, अगदी बुंध्याशी.

आणि लॉस. जुलैत हमखास कोणीतरी कळवतं की पाऊस सुरू झाल्यापासून एसडब्ल्यूआर सुधारलाय, दहा मीटरवर तर फारच. अँटेना सुधारलेली नाही, केबलने पाणी प्यायलंय. परतणारी पॉवर वाटेतच जिरते, म्हणून मीटरला ती दिसत नाही. ज्या केबलमध्ये एका वाटेला ३ डेसिबल जातात, तिचं वरचं टोक उघडं सोडलं तरी खाली एसडब्ल्यूआर ३ च दिसतो. हीच तपासणी: वरचा कनेक्टर काढा, टोक मोकळं ठेवा, २८ मेगाहर्ट्झला खालून मोजा. चांगल्या, आखूड केबलवर आकडा प्रचंड यायला हवा. तीन-चार आला तर पीएल-२५९ या कनेक्टरच्या मागचं आवरण चार बोटं सोला. जाळी काळी पडलेली, मध्ये हिरवट भुकटी, असं दिसलं की पुढचं मोजमाप थांबवून केबल बदला. समुद्राच्या वाऱ्यात नुसती इन्सुलेशन टेप पुरत नाही. आतून सेल्फ-अमाल्गमेटिंग (ताणून गुंडाळली की एकजीव होणारी) टेप हवीच, वरून साधी चालेल.

मल्टिबँडचं निदान त्यामानाने सोपं आहे. सगळेच बँड एकदम बिघडले तर ट्रॅपकडे बघू नका. बुंधा, रेडियल, केबल यातलंच काहीतरी आहे. दहा मीटर ठीक आणि खालचे सगळे गेले, तर दहाचा ट्रॅप किंवा त्याच्या वरचा सांधा सुटलाय. दहा गेला आणि खालच्या बँडचे खड्डे जास्त फ्रीक्वेन्सीकडे सरकले, तर तोच ट्रॅप शॉर्ट झालाय. पाणी शिरलेला ट्रॅप खड्डा कमी फ्रीक्वेन्सीकडे ओढतो; निचऱ्याचं भोक खालच्या बाजूला आहे ना ते बघा, कारण नळ्या उलट्या जोडणारे महाभाग आहेत. जुळवणी नेहमी वरच्या बँडपासून खाली करत यायची, कारण खालचा बँड वरच्यांच्या नळ्या वापरतो.

रेडियल स्लॅबवर पसरल्या असतील तर लांबीची फार चिंता नको, संख्या वाढवा. उचलून बांधल्या असतील तर मात्र प्रत्येक बँडसाठी पाव-तरंग हव्यात: चाळीसला सुमारे १० मीटर, वीसला ५, दहाला अडीच. पंधराला वेगळ्या नसल्या तरी चालतं, चाळीसच्याच तिथे पाऊण तरंग होतात.

सोसायटीने गच्चीवर पत्र्याची शेड घातली की सगळे खड्डे सरकतात. पत्रा आयता ग्राउंड प्लेन आहे असं समजून त्याला वायर जोडणारे बरेच आहेत. पत्रे रंगवलेले असतात, स्क्रूशी गंज असतो, एक पत्रा दुसऱ्याला विजेच्या दृष्टीने जोडलेला नसतो, आणि तसले गंजके सांधे शेजाऱ्यांच्या टीव्हीत खरखर आणतात. मग सेक्रेटरी जिना चढून वर येतात. रेडियल पत्र्यापासून जमेल तितक्या दूर बांधा, नळी सरकवून खड्डा जागेवर आणा, आणि शेड कायमची राहणार हे नक्की होईपर्यंत नळी कापू नका.