ऋतुसंधीचे चौदा दिवस : ऋतुचर्या मराठी घरात कशी आली

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, बहुतेकांना माहीत असतो तो दगडी देवळांमुळे. तेराव्या शतकातल्या या माणसाच्या नावावर दोन ग्रंथ आहेत, ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक 'चतुर्वर्गचिंतामणी'. धर्मशास्त्राचा हा प्रचंड संग्रह, आणि त्याच्या व्रतखंडात वर्षभराची व्रतं आहेत. दुसरा 'आयुर्वेदरसायन', वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथावरची टीका. कोणत्या महिन्यात काय करावं, काय खावं, काय टाळावं, हा विषय एकाच विद्वानाने एकदा देवघराच्या बाजूने हाताळला आणि एकदा वैद्याच्या बाजूने. मराठी घरात ऋतुचर्या, म्हणजे ऋतूप्रमाणे खाण्या-वागण्याची शिस्त, आली ती याच दोन वाटांनी. माझ्या मते पहिल्या वाटेने जास्त, कारण वैद्याचा ग्रंथ मोजक्यांच्या हाती होता आणि सण सगळ्यांच्या घरी होता.

मूळ विचार हेमाद्रीच्या कितीतरी आधीचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहावा अध्याय, सुश्रुताच्या सूत्रस्थानातही सहावाच, आणि अष्टांगहृदयात तिसरा अध्याय ऋतुचर्येला दिलेला आहे. वर्षाचे दोन भाग केले आहेत. उत्तरायणातले शिशिर, वसंत, ग्रीष्म हा आदानकाल. या काळात सूर्य बळ ओढून घेतो. वर्षा, शरद, हेमंत हा विसर्गकाल, त्यात बळ परत मिळतं. कफ, वात, पित्त या दोषांचा हिशोब याच चक्रावर बसवलेला आहे. थंडीत साठलेला कफ वसंतात उसळतो, उन्हाळ्यात साठलेला वात पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदात. म्हणून वसंतात वमन (औषधाने उलटी), वर्षाऋतूत बस्ती (औषधी एनिमा), शरदात विरेचन (जुलाब). 'वैद्यानां शारदी माता, पिता तु कुसुमाकरः' हे जुनं वचन याच अनुभवातून आलं असणार. शरद आणि वसंत हे वैद्याचे आईबाप, कारण रोगी तेव्हाच जास्त येतात.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वाग्भटाने अध्यायाच्या शेवटी सांगितलेला ऋतुसंधी. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात. या काळात जुनी सवय हळूहळू सोडायची, नवी हळूहळू धरायची. एकदम काही सोडलं किंवा एकदम काही सुरू केलं, तर त्यानेच रोग होतात, असं तो स्पष्ट म्हणतो. किती हळू, तेही पुढे सातव्या अध्यायात येतं : लागलेली अपथ्य सवय चौथ्या हिश्शाने, किंवा त्याच्याही चौथ्या हिश्शाने कमी करत जायची. शार्ङ्गधर या नंतरच्या वैद्यग्रंथकाराने तर कार्तिकाचे शेवटचे आठ आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस 'यमदंष्ट्रा', म्हणजे यमाची दाढ, म्हणून वेगळे काढले आणि त्या काळात कमी जेवणारा तगतो असं सांगून ठेवलं. दिवाळीचा फराळ संपता संपता हे दिवस येतात.

ऋतू कुठले, याबद्दल मात्र जुन्यांचंही एकमत नाही, आणि ते कारणासकट. सुश्रुत एका गणनेत शिशिर धरतच नाही, त्याऐवजी आषाढ-श्रावणाचा 'प्रावृट्' नावाचा ऋतू देतो. टीकाकार यावर काश्यपाचं वचन पुढे करतात : गंगेच्या दक्षिणेला पाऊस जास्त, म्हणून तिथे प्रावृट् आणि वर्षा असे पावसाचे दोन ऋतू, उत्तरेला हिमालयाची थंडी, म्हणून तिथे हेमंत आणि शिशिर असे थंडीचे दोन. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उतरतो, तेव्हा पंचांगात बहुधा ज्येष्ठ चालू असतो आणि सहा ऋतूंच्या नेहमीच्या यादीत अजून ग्रीष्मच. यादी घोकणाऱ्याने अशा वेळी दाराबाहेर बघावं, हे शास्त्रालाच मान्य आहे.

आता घरातली बाजू. धुंधुरमास घ्या. धनुर्मासात, साधारण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, उजाडता उजाडता नैवेद्य दाखवून जेवायचं. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत. एरवी ज्या घरात इतक्या सकाळी चहाशिवाय काही होत नाही, तिथे ताटं मांडली जातात. अष्टांगहृदयात हेमंताच्या वर्णनात ओळ आहे : 'दैर्घ्यान्निशानामेतर्हि प्रातरेव बुभुक्षितः', रात्री लांबतात म्हणून माणूस सकाळीच भुकेला उठतो. थंडीत जठराग्नी प्रखर असतो, त्याला इंधन मिळालं नाही तर तो शरीरातले धातू, म्हणजे रक्त-मांसच, जाळतो, म्हणून स्निग्ध आणि भरपूर खावं, असं सांगणं आहे. धुंधुरमासाचं ताट हा त्या श्लोकाचा स्वयंपाकघरातला अर्थ आहे. पुढे भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण कुठल्या वैद्याने रचलेली नाही.

पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं ओवा, हिंग, मिरी, चिंच आणि गुळासोबत वाटून खायची, तेव्हा कफ उसळायचा वसंत सुरू होत असतो. दिवाळीचं अभ्यंग यादीप्रमाणे शरदात पडतं, पण येणाऱ्या थंडीशी ते जोडता येतं; हेमंतात अंगाला तेल लावायला वाग्भट सांगतोच. वाग्भट पावसाळ्यात धूप दिलेले कपडे घालायला सांगतो. आपल्याकडे बाळाची लंगोटी, झबली शेगडीवर टोपली पालथी घालून ओवा-वेखंडाच्या धुरीवर वाळवली जात, ते याच जातीचं.

सगळंच असं जुळतं मात्र नाही, आणि ओढूनताणून जुळवूही नये. कांदेनवमीला कांद्याची भजी, थालीपिठं खाऊन चातुर्मासात कांदा-लसूण बंद करतात, त्याला हल्ली सर्रास आयुर्वेदाचं कारण चिकटवलं जातं. वाग्भट तर वातविकार असलेल्याला लसूण पावसाळ्यातही घ्यायला सांगतो. चातुर्मासाचा निषेध धर्मशास्त्रातून आलेला आहे. तो व्रत म्हणून पाळावा, वैद्यकीय आधार म्हणून सांगू नये. आषाढ तळण्याचंही असंच अर्धवट. वारा-पावसाच्या थंड दिवशी आंबट, खारट, स्निग्ध खावं हे चरकात आहे, पण त्याच अध्यायात पावसाळ्यात अग्नी मंद असतो हेही आहे. कापण्या दोन खाव्यात, डबा संपवू नये.

ग्रंथ सर्वांच्या हाती आले ते छपाईमुळे. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादित केलेलं अष्टांगहृदय 1880 मध्ये मुंबईत छापलं गेलं, आणि 1939 च्या निर्णयसागर आवृत्तीत अरुणदत्ताच्या टीकेबरोबर हेमाद्रीचं 'आयुर्वेदरसायन'ही आलं. तोवर घरातल्या रीती आपल्या बळावर चालतच होत्या.

अलीकडचं वळण 2020 सालचं. 31 मार्चला आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुकांचा काढा सुचवला. घरोघरी तो उकळला गेला, आणि अनेकांनी एप्रिल-मेच्या उन्हातही दिवसातून दोनतीनदा चालू ठेवला. तिखट, खारट, आंबट ग्रीष्मात टाळावं, असं अष्टांगहृदयाचं सांगणं आहे. उन्हाळ्यात सुंठ-मिरीने छातीत जळजळ झाली, तोंड आलं, तर त्यात नवल नव्हतं. ज्याची पित्ताची प्रकृती आहे, जो औषधं घेतो आहे किंवा जी गरोदर आहे, त्यांनी असे प्रयोग वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नयेत, आणि ताप चढला तर काढ्यावर थांबू नये. थंडीत अंगी लागणारा तीळगूळही चैत्र लागला म्हणून एका दिवसात बंद करायची गरज नाही; फाल्गुनाच्या शेवटच्या आठवड्यात चारातला एक लाडू कमी करावा, मग दुसरा.