हिमोग्लोबिन कमी आहे: लोहाची कमतरता की थॅलेसेमिया मायनर?

हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आलं की घरोघरी सल्ला ठरलेला: बीट खा, खजूर खा, लोहाच्या गोळ्या सुरू करा. बहुतेकांना गोळ्या लागू पडतात, कारण आपल्याकडे रक्त कमी असण्याचं सर्वांत मोठं कारण लोहाची कमतरता हेच आहे. पण दोन-तीन महिने नेमाने गोळ्या घेऊनही आकडा जागचा हलत नसेल, तर नुसती गोळी बदलू नका. कारण थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असू शकतो.

दोन्हींत तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात, म्हणून गफलत होते. लोह नसेल तर हिमोग्लोबिन तयार होत नाही आणि पेशीही कमी पडतात. मायनरमध्ये लोह बहुधा पुरेसं असतं. बीटा ग्लोबिनच्या दोन जनुकांपैकी आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं एक सदोष असतं, आणि शरीर लहान-लहान पेशी भरपूर बनवत राहतं.

म्हणून सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर हिमोग्लोबिनपाशी थांबू नका. एमसीव्हीला (तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराला) त्या पेशींच्या संख्येने भागा. एमसीव्ही ६४ आणि तांबड्या पेशी ५.८ दशलक्ष असतील, तर भागाकार ११ येतो. एमसीव्ही ७२ आणि पेशी ४ दशलक्ष, तर १८. तेराच्या खाली संशय थॅलेसेमियाचा, वर लोहाचा. हा अंदाजच. खात्रीसाठी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी). मायनरमध्ये हिमोग्लोबिन ए२ या प्रकाराचं प्रमाण साधारण ३.५ टक्क्यांच्या वर जातं. लोहही कमी असेल तर हे ए२ खाली दिसू शकतं, त्यामुळे दोन्ही तपासण्या सोबतच करून घ्या.

मायनर असलेली व्यक्ती नेहमीसारखं आयुष्य जगते, आणि मायनरचं पुढे मेजर, म्हणजे दोन्ही जनुकं सदोष असलेला गंभीर थॅलेसेमिया, होत नाही. प्रश्न येतो तो जोडीदारही वाहक (म्हणजे मायनर) असला तर. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता २५ टक्के. अशा मुलाला पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्यातून साठणारं लोह काढायला वेगळी औषधं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत वाहक जास्त आढळतात, पण इतरांनी निर्धास्त राहावं असं अजिबात नाही.

गरोदर स्त्री मायनर निघाली, तर तिला दोष देत बसू नका. नवऱ्याची एचपीएलसी त्याच आठवड्यात करा. दोघंही वाहक असतील, तर अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते.